रात्री बाराच्या आत

पहाटे ५:५०

बँकेचं पोर्टल सहाला उघडतं. मी आधीच येऊन बसले आहे, कारण आज सोमवार, ३० जून २०२५, आणि माझ्या यादीतल्या बहात्तर मुलांचे पैसे रात्री बाराच्या आत त्यांच्या खात्यावर पडले पाहिजेत. उद्या पडले तर रक्कम तीच, मुलगा तोच, करारही तोच, पण नियम दुसरा.

मी एका फुटबॉल कलेक्टिव्हची हिशेबनीस आहे. विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि चाहत्यांनी विद्यापीठाबाहेर उभी केलेली ही संस्था वर्गणी गोळा करते आणि त्यातून कॉलेजच्या खेळाडूंना पैसे देते. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हेल्मेटवाला. संस्थेचं नाव लिहीत नाही, नोकरीच्या करारात तशी अट आहे. मिडवेस्टमधलं, मक्याच्या शेतांमधलं विद्यापीठाचं गाव, एवढं पुरे. सामन्याच्या शनिवारी इथल्या स्टेडियममध्ये गावाच्या लोकसंख्येहून जास्त माणसं बसतात. आणि चार वर्षांपूर्वीपर्यंत मैदानावरची मुलं फुकट खेळत होती. फी माफ, राहणं-खाणं मोफत, पण त्यांच्या नंबरची जर्सी दुकानात विकली गेली तर त्यातला एक डॉलर त्यांचा नव्हे. एखाद्याने स्वतःच्या सहीचे पैसे घेतले तर निलंबन.

१ जुलै २०२१ला हे संपलं. एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेने खेळाडूंना आपलं नाव, छबी आणि ओळख (एनआयएल) विकून कमावण्याची मुभा दिली. मन मोठं झालं म्हणून नव्हे. त्याआधी दहाच दिवस सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल संघटनेच्या विरोधात दिला होता, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी आपापले कायदे करून ठेवले होते. मुभा मिळाली, पण गावातल्या पिझ्झावाल्याच्या जाहिरातीवर शंभर मुलांचं भागत नाही. ती जागा माजी विद्यार्थ्यांनी भरली.

आता पुन्हा बदल. या महिन्याच्या ६ तारखेला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी संघटनेवर लावलेल्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड मंजूर केली. उद्यापासून विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतील, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर. आणि बाहेरच्या कुणी ६०० डॉलर किंवा अधिक द्यायचं ठरवलं तर तो करार ‘एनआयएल गो’ नावाच्या चाळणीतून जाईल. डेलॉइटने बांधलेली ही चाळणी दोन गोष्टी विचारते: या पैशामागे खरा व्यावसायिक हेतू आहे का, आणि रक्कम बाजारभावाला धरून आहे का.

म्हणून आज देशभरातले माझ्यासारखे सगळे हिशेबनीस बाया-बाप्ये पहाटे उठून बसलेत. जुन्या नियमात बसेल तेवढं आज देऊन टाकायचं.

सकाळी ७:३०

बाबांचा फोन. कोल्हापुरात संध्याकाळचे पाच. पावसामुळे मैदान बंद, म्हणून बाबा रिकामे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे संघ समोरासमोर असले की ज्यांना जेवणाची शुद्ध नसते, त्यांना मी गेली दोन वर्षं माझी नोकरी समजावून सांगते आहे.

“म्हणजे तालमीची वर्गणीच की गं. पेठेतली माणसं काढत्यात, पोरांना बूट-भाडं देत्यात. हल्ली नायजेरियाची पोरंबी आणत्यात. मग त्यात तुझं काय काम?”

“पावत्या, बाबा.”

“पावत्या कशाला? पोरगं आपलंच न्हवं?”

तिथेच सगळं येऊन अडतं, पण सकाळी साडेसातला हे बोलायला वेळ नव्हता. फाइलमध्ये सात खात्यांचे राउटिंग नंबर लाल दिसत होते.

सकाळी ८:३०

अध्यक्ष आले. काँक्रीटचा व्यवसाय, दोन्ही गुडघे बदललेले, ऐंशीच्या दशकात इथल्याच संघात लाइनमन. आमच्या संचालक मंडळात सात जण आहेत, सगळे इथले माजी विद्यार्थी, त्यांतले चार माजी खेळाडू. हा नमुना देशभर दिसतो. टेक्सास टेकचा मॅटाडोर क्लब उभा करणारे कोडी कॅम्पबेल आणि जॉन सेलर्स हे दोघंही तिथले जुने फुटबॉलपटू, पुढे तेलाच्या धंद्यात मोठे झाले. २०२२च्या जुलैत त्यांनी शंभर खेळाडूंना वर्षाला प्रत्येकी २५,००० डॉलर जाहीर केले. नोटर डेमच्या कलेक्टिव्हमागे त्यांचा जुना क्वार्टरबॅक ब्रेडी क्विन, ओहायो स्टेटच्या एका संस्थेमागे कार्डेल जोन्स. आम्ही पैसे पाठवण्यासाठी वापरतो ते ओपनडोर्स अ‍ॅपसुद्धा नेब्रास्काच्या दोन माजी फुटबॉलपटूंनी लिंकन गावात काढलेल्या कंपनीचं आहे.

माझं निरीक्षण असं की सर्वांत मोठा तारा होता तो क्वचितच अशा मंडळात असतो. जो लाइनवर चार वर्षं धक्के खात राहिला, ज्याचं नाव कुणी घेतलं नाही, तो येतो. टेक्सास विद्यापीठाच्या चाहत्यांनी २०२१च्या डिसेंबरात मोठी घोषणा केली तीही लाइनमनसाठीच होती. शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक लाइनमनला वर्षाला ५०,००० डॉलर, आणि उपक्रमाचं नाव ‘पॅनकेक फॅक्टरी’. समोरच्याला आडवा पाडणं म्हणजे त्यांच्या बोलीत पॅनकेक.

अध्यक्षांना जुने दिवस सांगायला आवडतात. सामना संपला की ड्रेसिंग रूमबाहेर कोट घातलेली माणसं उभी असत, हात मिळवत, आणि हात सोडवून घेतला की मुठीत घडी केलेली नोट. सगळ्यांना माहीत, कुणी पाहिलेलं नाही. टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात तर दात्यांनी खेळाडूंना नियमित पगारच लावले होते. ते उघड झाल्यावर १९८७चा अख्खा हंगाम संघटनेने रद्द केला. “आम्ही तेव्हा घाबरलो,” ते म्हणाले, “आणि नोटा जरा छोट्या झाल्या.”

मी हसले. पण त्या हस्तांदोलनाची मला चीड येते. देणाऱ्याला त्यात दानशूर झाल्याचं सुख आणि घेणाऱ्याच्या डोक्यावर कायमचं ओझं. तो मुलगा किती देणं लागतो, ते कधी फिटतं, हे कुठेच लिहिलेलं नाही. आता करारात लिहिलेलं असतं: दोन वेळा सह्यांचा कार्यक्रम, एकदा फूड बँकेत तीन तास, एक चित्रफीत. एवढं केलं की तो मोकळा. त्याने अध्यक्षांकडे बघून हसलंच पाहिजे असं कुठल्याही कलमात नाही.

सकाळी १०:१५

व्यायाम आटोपून मुलं आली. केस ओले, हातात प्रोटीन शेक. लांब टेबलावर लहान हेल्मेटं मांडून ठेवलेली, सोनेरी मार्कर. प्रत्येकाने चाळीस सह्या करायच्या. ही हेल्मेटं वर्गणीदारांना जातील.

सह्या चालू असताना मी एकेकाला बाजूला घेते. आज पैसे येणार म्हणजे कर येणार. ही मुलं विद्यापीठाची नोकर नाहीत आणि आमचीही नाहीत; कायद्याने ती स्वतंत्र कंत्राटदार. त्यामुळे पगारातून कर कापला जात नाही, पूर्ण रक्कम हातात पडते आणि अठरा वर्षांच्या मुलाला वाटतं ती सगळी आपली. पुढच्या जानेवारीत मी त्याला १०९९ हा उत्पन्नाचा फॉर्म पाठवते, तेव्हा कळतं. स्वयंरोजगाराचा कर १५.३ टक्के, त्यावर केंद्राचा आयकर, राज्याचा वेगळा, आणि तोही दर तिमाहीला आगाऊ. पुढचा हप्ता १५ सप्टेंबर.

“तीस टक्के दुसऱ्या खात्यात टाकायचे आणि त्या खात्याचं कार्ड आईला द्यायचं,” मी सांगते.

“येस, मॅम.” सगळे येस मॅम म्हणतात. अर्धे करतात.

एक मोठा, तीनशे पौंडांचा मुलगा आज डब्ल्यू-९ फॉर्म परत घेऊन आला. त्यात स्वतःच्या जागी आईचा सोशल सिक्युरिटी नंबर. का, तर घरात कागदाचं काम आईच करते. तो नंबर तसाच गेला असता तर वर्षअखेरीस कराची नोटीस त्या बाईच्या नावावर आली असती. ती हॉटेलात रात्रपाळी करते. मी फॉर्म फाडला, नवा भरून घेतला, फाडलेला श्रेडरमध्ये टाकताना तो बघत राहिला.

टेबलाच्या टोकाला एक जण नुसताच बसून होता, सह्या न करता. तो ऑस्ट्रेलियन, आमचा पंटर. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये पायाने चेंडू लांब भिरकावायला ऑस्ट्रेलियन मुलं आणायची आता रीतच आहे. मेलबर्नमध्ये त्यांना तयार करणारी अकादमी आहे. तर हा मित्रांबरोबर येतो, कारण गाडीत जागा असते, पण मार्करला हात लावू शकत नाही. एफ-१ व्हिसा. विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर काम करून पैसे घेतले की व्हिसाच जायचा.

मला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. याच विद्यापीठात मी एफ-१वर अकाउंटिंगचं मास्टर्स केलं, कॅम्पसच्या भोजनालयात आठवड्याला वीस तास ट्रे धुतले, एकविसाव्या तासाला मॅनेजरने हाकलून घरी पाठवलं. त्यामुळे या मुलाची फाइल मी कुणाला हात लावू देत नाही. वकिलांशी तीन आठवडे पत्रव्यवहार करून एक वाट काढली: तो मे महिन्यात घरी गेला तेव्हा हेल्मेटं कुरिअरने मेलबर्नला पाठवली, सह्या तिथे, चित्रफीत तिथे, पैसे तिथल्या खात्यात. अशी युक्ती आम्ही शोधलेली नाही. केंटकीच्या बास्केटबॉल संघातला ऑस्कर शिब्वे मूळचा काँगोचा. २०२२च्या ऑगस्टमध्ये संघ बहामाजला गेला तेव्हा त्याने आपली जाहिरातीची कामं तिथे उरकून घेतली होती.

“आज माझं काही आहे का?” पंटरने निघताना विचारलं.

“तुझं मे महिन्यात झालं.”

“म्हणजे बाकीच्यांच्या तिसऱ्या हिश्शाएवढं.”

बरोबर होतं त्याचं. हिशेब त्यालाही येतो.

दुपारी १२:००

संचालक मंडळाची व्हिडिओ बैठक. विषय एकच: उद्यापासून आपण कशाला हवेत?

मंडळातला एक विमा-व्यावसायिक म्हणाला, आता विद्यापीठ देणार आहे तर गाशा गुंडाळू, उरलेला निधी क्रीडा विभागाला देऊ. काही ठिकाणी तसं झालंही आहे. अध्यक्षांचा चेहरा पडला. दुसऱ्याने विचारलं, निदान आम्हाला दिलेल्या पैशावर करसवलत तरी मिळेल का? हा प्रश्न दर बैठकीत येतो. २०२३च्या जूनमध्ये आयकर खात्याच्या वकिलांनी निवेदन काढून स्पष्ट केलं होतं की मुख्यतः खेळाडूंना पैसे देणारी संस्था धर्मादाय म्हणून बहुधा टिकणार नाही, कारण फायदा समाजाला नव्हे, ठरावीक मुलांना होतो. मला हे पटतं. गावातल्या माणसांनी आपल्या संघाला ताकद यावी म्हणून पैसे द्यावेत, खुशाल द्यावेत. पण त्याला परोपकार म्हणून करातून वजावट कशाला?

मग मंडळातल्या एकमेव बाई बोलल्या. त्या इथल्या व्हॉलीबॉल संघाच्या जुन्या कप्तान, आता शिकागोत बालरोगतज्ज्ञ. हाउसच्या तडजोडीत जुन्या खेळाडूंना थकबाकी म्हणून सुमारे २८० कोटी डॉलर दहा वर्षांत मिळायचे आहेत, त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या मुलांना. आठ महिला खेळाडूंनी याच महिन्यात त्याविरुद्ध अपील केलं, आणि ते वाटप थांबलं. बाई म्हणाल्या, “आपल्या संस्थेच्या नावात फुटबॉल आहे, ते मला सही करताना दिसलं होतं. तक्रार नाही. पण विद्यापीठाचे पैसेही याच मुलांकडे जाणार असतील तर आपले दुसरीकडे का जाऊ नयेत?” कुणी उत्तर दिलं नाही. विम्यावाला म्हणाला, पुढच्या बैठकीत घेऊ. तो मुद्दा मी इतिवृत्तात शब्दशः लिहिला आहे, पुढच्या बैठकीत त्यावर कुणाला सारवासारव करता येऊ नये म्हणून.

राहिला आगाऊ रकमेचा प्रश्न. आज आम्ही पुढच्या हंगामाचे पैसे देतो आहोत, एकही सामना झालेला नसताना. मुलगा डिसेंबरात दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला तर? करारात प्रमाणात परतफेडीचं कलम आहे. वकील म्हणतात, वीस वर्षांच्या मुलावर दावा लावून बघा, वर्तमानपत्रात तुमचा फोटो कसा येतो ते.

उलट बाजूनेही उदाहरणं आहेत. गेल्या सप्टेंबरात नेवाडाच्या लास व्हेगासमधल्या विद्यापीठाचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका तीन सामने जिंकून संघ सोडून गेला. त्याच्या बाजूचं म्हणणं, एक लाख डॉलरचं वचन होतं ते मिळालं नाही, विद्यापीठाचं म्हणणं, असा करारच नव्हता. तोंडी शब्दाची ही गत. आणि जेडन रशाडाचा तर लेखी करार होता, फ्लोरिडाच्या चाहत्यांच्या संस्थेबरोबर, १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा. तो मोडला आणि प्रकरण कोर्टात गेलं. म्हणजे कागद असून पुरत नाही, खात्यात शिल्लकही लागते. आमच्याकडे करार करण्याआधी मी शिल्लक दाखवते, मगच सही. अध्यक्षांना हा नियम कंजूषपणाचा वाटतो. मी तो बदलणार नाही.

दुपारी २:०५

त्याच दिवशी पोचणाऱ्या भरण्याची बँकेची वेळ दोन. शेवटची फाइल एक सत्तावन्नला गेली. दोन वाजून पाच मिनिटांनी दोन परत. एकात खातं बंद झालेलं, एकात खात्यावरचं नाव जुळत नाही. चार वाजेपर्यंत वायर करता येते, पण वायरसाठी बँक खात्री म्हणून मुलाच्या आवाजाची मागणी करते, आणि त्यांतला एक मुलगा कोलोराडोत आजोबांच्या रँचवर, फोनला रेंज नाही. आजोबांच्या लँडलाइनवर फोन. आजीने उचलला. तो घोड्यांना पाणी पाजत होता. तीन एकोणचाळीसला त्याचा आवाज बँकेला मिळाला.

संध्याकाळी ५:१०

वर्गणीदारांच्या टपालाचा तास. दहा-वीस डॉलर महिन्याला देणारी शेकडो माणसं आहेत, आणि माझ्या मते कलेक्टिव्ह म्हणजे तीच. मोठे दाते जेवणाला येतात, यांची पत्रं येतात. शिक्षक, निवृत्त पोस्टमन, बँडमध्ये ट्रम्बोन वाजवलेले.

आज एका आजींचा फोन. महिना वीस डॉलर बंद करायचे होते.

“आता विद्यापीठ देणार ना, म्हणून?” मी विचारलं.

“छे. तो राखीव क्वार्टरबॅक गेला म्हणून. वर्षभर दिले मी, दोनशे चाळीस डॉलर. आणि तो माझे दोनशे चाळीस डॉलर घेऊन दुसऱ्या संघात गेला. त्याला जायचा हक्क आहे, मला मान्य आहे. मलाही आहे.”

मी काय बोलणार? पुढच्या महिन्यापासून बंद केले. पोचपावती पाठवली. त्यांनी हेल्मेट परत पाठवू का विचारलं, मी म्हटलं ठेवा.

त्या मुलाने, माझ्या नोंदीप्रमाणे, कराराप्रमाणे सगळी कामं केली होती. फूड बँकेत तर तीनऐवजी पाच तास. आजींना हे सांगितलं असतं तर त्यांचं मन वळलं असतं का माहीत नाही. ती माहिती त्याची खासगी, सांगितली नाही.

संध्याकाळी ७:००

घरी. वरण-भात, लोणचं. यादीत बहात्तरपैकी एकाहत्तर हिरवे. बहात्तराव्याने स्वतःच कळवलं की त्याला आगाऊ पैसे नकोत, विद्यापीठाबरोबर थेट करार करायचा आहे, त्याचा एजंट तसं म्हणतो. ठीक.

रात्री ११:३५

नवे नियम लागू व्हायला पंचवीस मिनिटं. आमच्या लाइनबॅकरचा मेसेज. गुरुवारी तो मुलांच्या हॉस्पिटलमध्ये जाणार आहे, दोन तास, १,००० डॉलर. पैसे भेटीनंतर, म्हणजे करार नव्या नियमात. ‘एनआयएल गो’मध्ये खेळाडूने स्वतः नोंद करायची असते. तो फोनवर फॉर्म भरत बसला होता आणि एका चौकटीशी अडला. ‘व्यावसायिक हेतू: काय लिहू, मॅम?’

दोन वर्षं आम्ही हॉस्पिटलच्या भेटी याच मुलाकडून करून घेतो. तिथे कुणी काही विकत नाही. हेच तर आम्ही अभिमानाने पत्रकांत छापायचो. (पुढे दहा दिवसांनी ‘एनआयएल गो’ चालवणाऱ्या नव्या आयोगाने जाहीर केलं की केवळ खेळाडूंना पैसे पोचवण्यासाठी काढलेल्या संस्थेचा व्यावसायिक हेतू ग्राह्य धरता येणार नाही, आणि महिनाअखेरीस वकिलांच्या दबावाखाली ती भूमिका सैल केली. त्या रात्री यातलं काहीच ठाऊक नव्हतं.)

अध्यक्ष जागे होते. त्यांना विचारलं. उत्तर आलं: ‘त्या पोरांना बरं वाटतं, एवढं लिहून चालणार नाही का?’

चालणार नाही. मी लाइनबॅकरला लिहून पाठवलं: ‘संस्थेच्या ऑगस्टमधल्या गोल्फ स्पर्धेची तिकीटविक्री, भेटीची दोन छायाचित्रं, संस्थेच्या बोधचिन्हासह, जाहिरातीत वापरण्याचा हक्क.’ आणि खाली जोडलं की छायाचित्रात रुग्ण मुलं येता कामा नयेत, हॉस्पिटलची लेखी परवानगी लागेल, ती मागणारं पत्र मी सकाळी आठला पाठवते, तोवर ‘सबमिट’ दाबू नकोस.

‘येस, मॅम,’ त्याने लिहिलं. मग पुन्हा: ‘पण फोटो न काढता गेलो तर?’

‘तर फुकट जावं लागेल.’

‘जाईन की,’ तो म्हणाला. ‘पण हजार डॉलर पाहिजेत, गाडीचा विमा आहे.’

मी पत्राचा मसुदा उघडला.